सहा लॅपटॉप, एक मान

हेडफोनची एक वाटी कानावर, दुसरी कानामागे सरकवलेली आणि डोळे मिटलेले. असं मिनिटभर ऐकून ती म्हणायची, "बराबर न्हाई, मॅडम." झालं, सराव पुन्हा पहिल्यापासून. लग्नाच्या बँडमधला एक ढोल मागे पडला की जेवता जेवता ज्यांचा घास थांबतो, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ही त्यातलीच.

हिंगोलीच्या आमच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते. दर शनिवारी प्रयोगशाळेत आमचा लॅपटॉपवृंद जमतो. सहा मुलंमुली, सहा लॅपटॉप, प्रत्येकाशेजारी त्याचा स्पीकर. टिपून आणलेले आवाज कापायचे, ताणायचे आणि कीबोर्डवरून तालात वाजवायचे. त्या सहांतलीच ती, शिरड शहापूरहून एसटीने यायची आणि तरी माझ्याआधी हजर असायची. याचा मला थोडा रागच यायचा.

कान तिला घरातच मिळाला होता. त्यांच्याकडे हळद पॉलिश करायचा ड्रम आहे. वाळलेली हळकुंडं त्यात फिरत, घासत राहतात. हळद झाली का, हे ड्रम उघडून बघायची घरात कुणाला गरज पडत नसे. आवाज पातळ झाला की ही ओसरीतूनच सांगायची, काढा आता. तोच आवाज तिने फोनवर टिपून आणला आणि आमची पहिली रचना त्यावर उभी राहिली.

आमचं भांडण झालं ते तालावरून. सगळे लॅपटॉप एका वायरने जोडले की ताल मशीनच सांभाळतं, कुणी चुकूच शकत नाही. मी मोठ्या हौसेने ते जुळवलं. तिने ऐकलं, उठली आणि सरळ वायर काढून ठेवली.

"मशीनच ताल धरून राहिलं, तर आमी काहून बसायचं?"

मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. पण त्यानंतर मुलं तिच्या मानेकडे बघून वाजवू लागली. ती मान हलवी, तिथे सम. वाजवण्यात जीव आला, हे मला कबूल करावं लागलं.

मग विद्यापीठाचा युवक महोत्सव आला. प्राचार्यांनी मला आधीच बजावलं होतं. परीक्षकांनी याला वादन मानलं तर ठीक, नाहीतर शनिवारची प्रयोगशाळा टायपिंगच्या वर्गाला द्यायची. म्हणजे वृंद बंद. त्यात परीक्षक निघाले जुने तबलजी. आमचे लॅपटॉप पाहून म्हणाले, गाणं पेन ड्राइव्हवर देऊन टाका, एवढे सहा जण कशाला बसता? ती शांतपणे म्हणाली, वाजवताना बघा, सर.

वादन सुरू झालं. निम्म्यावर आल्यावर कनेरगाव नाक्याची आमची पहिल्या वर्षाची मुलगी घाबरली आणि चार मात्रा आधीच आत शिरली. हिने तिच्याकडे रागाने पाहिलं नाही. तालातली स्वतःची जागा सोडून ती त्या मुलीच्या चुकलेल्या मात्रेवर जाऊन वाजवू लागली आणि तिने मान हलवली. बाकीचे चौघे मागोमाग आले. पुढच्या समेवर सहाही जण एकत्र उतरले.

संपल्यावर परीक्षक थेट त्या छोटीपुढे येऊन उभे राहिले. तू लवकर आलीस ना, असं त्यांनी विचारलं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला.

"आमी समदे आलो, सर," ही म्हणाली.

म्हातारा हसला. "पेन ड्राइव्ह चुकत नाही, बेटा. आणि चुकलेल्याला सांभाळून तर मुळीच घेत नाही." आमच्यासमोरच त्यांनी कागदावर 'वादन' असं लिहिलं. नंबर आला नाही, पण शनिवार आमचा राहिला.

आता ती नाशिकला एका कारखान्यात मोटारींचा आवाज ऐकून दोष काढायचं काम करते. त्या मोटारींची मला दया येते. वृंदातली तेव्हाची सगळीच मुलं पास होऊन गेली.

गेल्या शनिवारी एक नवा मुलगा चुकून आधी शिरला. मी थांबवायला हात वर केला, तोवर बाकीचे पाचही त्याच्या मात्रेवर पोचले होते. यांच्यातल्या एकानेही तिला पाहिलेलं नाही. मला तिची फार आठवण आली. मी हात खाली घेतला आणि ऐकत राहिले.