पोकळ फरशीवरची चवथ

"गणपतीचे फोटो बावीस आहेत. पुराचा एकही नाही."

विमा कंपनीने पाठवलेला सर्व्हेअर सोप्यावर उभा राहून फोनवर कोणाला तरी सांगत होता. पाठ आमच्याकडे होती. आवाजात चेष्टा नव्हती, नुसता थकवा होता. मी पाण्याचा पेला घेऊन बाहेर येत होते, ती दारातच थांबले. त्याचं बोलणं संपेपर्यंत पेला हातात धरून उभी राहिले आणि मग जणू काही ऐकलंच नाही अशी पुढे गेले. मला ते चांगलं जमतं.

त्याचं म्हणणं खरं होतं. ऑगस्टात नदीचं पाणी आमच्या घरात आलं तेव्हा फोटो काढायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. गोव्यात इब्रामपूरच्या बाजूला आमचं घर, मागे माड-पोफळींचं कुळागर आणि त्याला लागून नदी. पाणी दरवर्षी कुळागरापर्यंत येतं आणि माघारी जातं. त्या वर्षी ते पायऱ्या चढलं, सोपा ओलांडून आत शिरलं आणि मागच्या मोठ्या खोलीत गुडघाभर होऊन दिवसभर थांबलं. वीज नव्हती, फोन बंद पडले होते. बाबा आणि आई तांदळाची पोती माळ्यावर चढवत होते, मी कपाटातली कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरत होते. विम्याची पॉलिसी त्यांतल्याच एका पिशवीत होती. छप्पर नवं करण्यासाठी बाबांनी बँकेचं कर्ज घेतलं, तेव्हा ती त्याच्याबरोबर आली होती. ती घरात कोणी उघडून वाचली नव्हती. इंग्रजीतली होती आणि इंग्रजीतलं जे काही असेल ते माझ्यासाठी बाजूला ठेवायची आमच्या घरी पद्धत.

पाणी ओसरलं तेव्हा गणपतीची चवथ आठ दिवसांवर आली होती. भिंतींवर गुडघ्याएवढ्या उंचीवर तांबड्या गाळाची एक सरळ रेघ उठली होती, कोणी पट्टी लावून ओढल्यासारखी. आईने ती नारळाच्या सोडणाने घासली. बाबांनी दोन दिवस सुट्टी टाकून सगळी खोली पांढरी केली. दरवर्षी चवथीआधी आम्ही रंग काढतोच, त्या वर्षी दोन हात मारले. फरशी आणि भिंत यांच्यामधली फट बाबांनी पांढऱ्या सिमेंटने बुजवली. शेजारची मामी डोकावून म्हणाली, "पूर इल्लो म्हणान कोणाक खरां वाटूचा नाय गो!" आईला त्याचा केवढा आनंद झाला. देव यायच्या आधी पुराची एकही खूण राहू नये, एवढंच त्या आठवड्यात आमच्या डोक्यात होतं. पुढे सर्व्हेअर तीच खूण शोधत येईल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

पण एक गोष्ट फक्त मला माहीत होती.

पाणी ओसरत होतं त्या सकाळी मागच्या खोलीतलं उरलंसुरलं पाणी बाहेर काढायचं काम माझ्याकडे होतं. खराटा घेऊन मी ते दाराकडे लोटत होते. दाराचा उंबरा उंच, त्यामुळे पाणी पुन्हा पुन्हा माघारी यायचं. मग माझ्या लक्षात आलं की मागच्या कोपऱ्यात पाणी आपोआप कमी होतंय. भिंतीला लागून फरशीची एक फट होती, आणि तिथे पाणी गोल फिरत खाली जात होतं, न्हाणीच्या मोरीत जातं तसं. मला बरं वाटलं. उंबऱ्याशी झगडण्यापेक्षा मी सगळं पाणी त्या फटीकडेच ढकलायला लागले. अर्धा तास ढकलत होते. काम झाल्यावर खराटा धुवायला मागे गेले तर जोत्याच्या दोन चिऱ्यांमधून तांबडं पाणी बाहेर येत होतं. नुसतं पाणी नव्हतं. त्याच्याबरोबर माती येत होती, भिजलेल्या गुळासारखी.

मी तिथे उभी राहून ते बघितलं. मग घरात आले आणि काही बोलले नाही.

का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. आई इतकी दमली होती, तिच्यावर आणखी एक काम टाकायला नको, असं मी बरीच वर्षं सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. फरशी उकरायची तर त्या खोलीत गणपती बसणार नाही, आणि चवथ मोडली तर ती माझ्या एका वाक्यामुळे, ही भीती होती. त्याहूनही मोठं म्हणजे, माती वाहून गेली हे सांगितलं तर पाणी तिथे कोणी ढकललं हेही सांगावं लागलं असतं. शाळेत मी कधी हात वर केला नाही. उत्तर येत असलं तरी नाही. न बोलण्याची सवय अशी असते की ती लागते साध्या गोष्टींसाठी, आणि मग मोठी गोष्ट आली तरी तीच पुढे होते.

रंग सुकल्यावर मी एकदा त्या कोपऱ्यात टाच आपटून बघितली. आवाज वेगळा आला. बाकीची फरशी ठक म्हणत होती, ती दबकं काहीतरी म्हणत होती, रिकाम्या डब्यासारखं. दुसऱ्या दिवशी बाबांनी आणि काकांनी गणपतीचा चौरंग त्याच कोपऱ्यात मांडला. तो तिथेच मांडतात, आजोबांच्या वेळेपासून. वर माटोळी बांधली. नारळ, सुपारीचे घड, तोरिंजन, रानातली फळं. खाली देव. आणि देवाच्या खाली काय आहे ते मला माहीत.

पाच दिवस आमच्याकडे देव होता. संध्याकाळी आरतीला आमच्या वस्तीवरची माणसं जमायची, घुमट आणि शामेळ ही वाद्यं वाजायला लागली की वीसेक माणसं त्या खोलीत दाटीने उभी राहायची. काका सगळ्यांत पुढे. ते बाबांचे थोरले भाऊ, म्हापशाला फ्लॅटमध्ये राहतात, अंगाने चांगले भरलेले. टाळ्या वाजवताना त्यांचा उजवा पाय ठेक्यावर फरशीवर आपटायचा, नेमका त्या कोपऱ्याजवळ. मी दाराशी उभी राहून देवाकडे बघत नव्हते, त्या पायाकडे बघत होते. आरती झाल्यावर काका माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांसमोर म्हणाले, "आमचा चेडू इंग्लिशीत गप्प रवता. मराठीत गप्प रवला तर आमका निदान समाजतला तरी!" सगळे हसले. मीही हसले.

काही झालं नाही. देव गेला, माटोळी सुटली आणि कोपऱ्यात पुन्हा लाकडी कपाट आलं. काही झालं नाही, यावर मी विश्वास टाकला. चार महिने.

डिसेंबरात बाबांनी स्वयंपाकघराच्या ओट्याला लाद्या बसवायला गवंडी बोलावला. तो बेळगावकडचा होता. सामान ठेवायला तो मागच्या खोलीत आला आणि चालता चालता थांबला. एक पाय पुढे, एक मागे. मग त्याने मागचा पाय उचलून पुन्हा आपटला.

"ताई, हितं खाली कायबी न्हाई."

कपाट हलवून त्याने पहारेने दोन फरश्या उचलल्या. आत हात घातला तो खांद्यापर्यंत गेला. जोत्यातली भर वाहून गेली होती, मागच्या भिंतीचे खालचे चिरे बाहेर सरकले होते, आणि कपाटाच्या मागे भिंतीला उभा तडा होता. गवंडी त्या पांढऱ्या भिंतीवर हात फिरवत बाबांना म्हणाला, "मालक, ह्या भिंतीला आता तुमच्या रंगानंच धरून ठेवलंय बघा." बाबा हसले नाहीत. त्यांनी तड्यात बोट घालून बघितलं आणि ते बोट बराच वेळ पुसत राहिले.

भिंत उतरवून जोत्यापासून पुन्हा बांधायची होती, तीही पावसाआधी. कर्ज अजून फिटलेलं नव्हतं, दुसरं मिळण्यासारखं नव्हतं. भिंत झाली नाही तर ती खोली बंद करावी लागणार, आणि मग गणपती म्हापशाला. काकांनी तसं सुचवलंसुद्धा, अगदी प्रेमाने. "लिफ्ट आसा रे, देव आरामात वयर येतलो." बाबा म्हणाले, "बघूया." ते 'बघूया' मला ओळखीचं होतं. आजोबा गेले तेव्हा हॉस्पिटलमधून फोन करून, ते गेले असं न सांगता, बाबांनी असंच 'बघूया' म्हटलं होतं.

त्याच आठवड्यात प्लॅस्टिकची पिशवी निघाली आणि पॉलिसी माझ्यासमोर आली. पुराचं नुकसान तिच्यात होतं. ते ताबडतोब कळवावं, असंही तिच्यात होतं. क्लेमचा फॉर्म मी भरला. नुकसान पहिल्यांदा कधी लक्षात आलं, या रकान्यात मी गवंडी आला तो दिवस लिहिला. बाबांनी सही करायच्या आधी विचारलं, "सगळां बरोबर लिवलंस मा गो?"

"हो," मी म्हटलं. त्यांनी न वाचता सही केली.

आता तो सर्व्हेअर कोपऱ्यात उकिडवा बसून छोट्या हातोडीने एकेक फरशी ठोकून बघत होता. चहा त्याने नको म्हटला, आईने आणलेले लाडूही. कामाच्या घरी मी काही खात नाही, म्हणाला. माणूस वाईट नव्हता. तड्याचे, जोत्याचे, मागच्या चिऱ्यांचे फोटो त्याने स्वतः काढले. मग उठून गुडघे झटकले.

"घर जुनं आहे," तो बाबांना म्हणाला. "जुन्या घरात भर बसते. उंदीर असतात, घुशी असतात. गटाराचं पाणी मुरतं. पूर ऑगस्टात आला, तुम्ही कळवलं डिसेंबरात. हे पुरानेच झालं, असं मी कशावरून लिहू?"

"पाणी गुडघाभर होतां, साहेब. गावात कोणाकय विचारा."

"पाणी घरात आलं हे मी मानतो. ते फरशीखाली गेलं का, हा प्रश्न आहे. गेलेलं कोणी बघितलं का?"

बाबांनी आईकडे बघितलं. आईने मान हलवली.

"नाय," बाबा म्हणाले. "आमी कोणी बघूक नाय."

ते खरं बोलत होते. खोटं बोलून काम होईल असं त्यांना कळत होतं, त्या क्षणी 'होय, मी बघितलं' म्हणणं किती सोपं होतं. पण ते त्यांना सुचलं नाही, किंवा सुचून त्यांनी सोडून दिलं. सर्व्हेअरने वहीत काहीतरी लिहायला सुरुवात केली.

मी दाराशी उभी होते. पॉलिसी मी तीनदा वाचली होती, त्यामुळे मला दोन्ही बाजू माहीत होत्या. बोलले तर पाणी फरशीखाली गेल्याचा साक्षीदार मिळत होता. बोलले तर हेही कळत होतं की या घरात एका माणसाला चार महिने आधीपासून माहीत होतं, आणि फॉर्मवरचा दिवस खोटा होता. त्या बोलण्याने भिंत उभी राहील की क्लेम तिथल्या तिथे बुडेल, मला सांगता येत नव्हतं. मी मनात इंग्रजीत एक वाक्य तयार केलं, नीट, कोणाचा दोष कुठेच न येणारं. तसं वाक्य इंग्रजीत करता येतं. ते ओठापर्यंत आलं आणि मी बाबांकडे बघितलं. ते सर्व्हेअरच्या पेनाकडे बघत होते.

"बाबा, मी बघलंय," मी म्हटलं. "पूर ओसारलो त्याच दिवशी पाणी ह्या कोपऱ्यातसून खाली गेलां, आणि ता मीच खराट्यान थंय ढकललंय. मागसून माती जाताना दिसली. चवथ जवळ होती म्हणान कोणाक सांगूक नाय. फॉर्मार दिवस लिवलंय तो खोटो."