यंत्रातला आकडा

वासंती उदगीरकर आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत मराठी घरं दोनच, एक तिचं आणि एक माझं. ती एका सरकारी संचालनालयात सीनियर असिस्टंट होती, लग्न केलेलं नव्हतं, आणि घरात ती नि तिचे वडील लक्ष्मणराव. आई, सुमनकाकू, जाऊन बारा वर्षं होऊन गेली होती. मी शाळेतून निवृत्त झालेली आणि एकटी, त्यामुळे त्यांच्या घराची एक किल्ली कायम माझ्याकडे असे.

बापलेक रोज संध्याकाळी बुद्धिबळ खेळत. लक्ष्मणराव निजामाच्या अमदानीत उर्दूतून शिकलेले. उंटाला ते फील म्हणत, हत्तीला रुख. वासंती ऑफिसातून आली, चहा झाला की पट मांडायचा. रोज एकच डाव. तो संपला नाही तर मोहरे तसेच ठेवून दुसऱ्या दिवशी पुढे चालू. वासंती बहुतेक वेळा हरायची आणि तिला त्याचं काही वाटत नसे. ती मला एकदा म्हणाली होती की दिवसभर कोणी ना कोणी तिला घाई करत असतं, तो एक तास मात्र कोणी घाई करत नाही.

२०१४ साली राज्याचे दोन भाग झाले, हैदराबाद एकीकडे आणि आंध्र दुसरीकडे, आणि कर्मचाऱ्यांची वाटणी सुरू झाली. नियम असा होता की दहावीपर्यंतची सलग चार वर्षं ज्या भागात शिकलात त्या भागाचे तुम्ही स्थानिक. वासंतीचा जन्म हैदराबादचा, पहिली नोकरी हैदराबादची, घर इथलं. पण बहात्तर साली लक्ष्मणरावांची बदली गुंटूरला झाली होती आणि ते सहा-सात वर्षं तिथे राहिले होते. वासंतीची दहावी गुंटूरची. यादी लागली तेव्हा तिचं नाव आंध्रकडे होतं.

लक्ष्मणराव त्या दिवशी जेवले नाहीत. छप्पन साली हैदराबाद राज्य मोडलं तेव्हा त्यांच्या सरकारी नोकरीतही अशीच वाटणी झाली होती. त्यांच्या थोरल्या भावाला औरंगाबाद मिळालं आणि तो गेला. यांना विचारलं तेव्हा यांनी लिहून दिलं की आम्ही तीन पिढ्या इथलेच, आम्ही इथेच राहणार. ते मला म्हणाले, "कुसुमताई, मी राहिलो म्हणूनच मला गुंटूरला पाठवता आलं ना? तेव्हा औरंगाबादला गेलो असतो तर ही आज तिकडची ठरली नसती." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

वासंतीने अपील केलं. दोन वर्षं दोन्ही राज्यांची ऑफिसं हैदराबादेतच होती, एकाच इमारतीत, मध्ये नुसतं लाकडी पार्टिशन. त्यामुळे काही बदललं आहे असं रोजच्या जगण्यात वाटत नसे. मग २०१६च्या जूनमध्ये हुकूम आला की आंध्रची ऑफिसं तिकडे, विजयवाड्याला, हलणार. अपिलाचं उत्तर आलेलं नव्हतं.

वडिलांना बरोबर न्यायचा तिने प्रयत्न केला. विजयवाड्यात दुसऱ्या मजल्यावर एक खोली घेतली आणि त्यांना आठ दिवस नेऊन पाहिलं. ते पंच्याऐंशीचे, गुडघे गेलेले. तिथल्या उकाड्याने ते आजारीच पडले. नवव्या दिवशी ती त्यांना घेऊन परत आली. मग असं ठरलं की दिवसभर चतुराबाई घरी थांबेल, ती मलकपेठेतून येऊन त्यांचा स्वयंपाक करायचीच. मी सकाळ-संध्याकाळ वर चक्कर मारीन, आणि वासंती शुक्रवारी रात्री गाडीत बसून शनिवारी सकाळी घरी येईल.

राहिला प्रश्न संध्याकाळच्या डावाचा. त्यासाठी तिने कोटी भागातल्या एका दुकानातून बुद्धिबळाचं यंत्र आणलं. दिसायला जाड पाटासारखा पट, कडेला बारीक दिवे, खाली छोटा पडदा आणि बटणांची ओळ. मोहरा उचलताना घर दाबायचं, ठेवताना घर दाबायचं. मग यंत्र विचार करायचं आणि आपली खेळी दिवे लावून दाखवायचं. त्याचा मोहराही आपणच हलवायचा. माहितीपुस्तक इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. वासंतीने तीन संध्याकाळी बसून ते वाचलं आणि एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात मराठीत उतरवलं. नवा डाव कसा सुरू करायचा, चुकलेली खेळी परत कशी घ्यायची, आवाज कसा बंद करायचा, मदत हवी तर कुठलं बटण. लक्ष्मणरावांनी प्रत्येक ओळीखाली आपल्या हाताने उर्दूत लिहून घेतलं.

यंत्रात चोवीस पायऱ्या होत्या, पण वासंतीने त्या वापरल्या नाहीत. त्यात शिकण्याची एक सोय होती, ती तिने चालू केली. ज्या वाटेने यंत्र हरलं ती वाट ते लक्षात ठेवायचं आणि पुन्हा तिकडे जायचं नाही. शिवाय समोरचा माणूस किती पाण्यात आहे हे प्रत्येक डावागणिक मोजून त्याचा आकडा पडद्यावर दाखवायचं, आणि स्वतः त्या आकड्याच्या किंचित वर राहून खेळायचं. म्हणजे माणूस सारखा हरत नाही आणि सारखा जिंकतही नाही. हा आकडा बॅटरीच्या जोरावर टिकतो, म्हणून सगळ्या बॅटऱ्या एकदम काढायच्या नाहीत, असं तिने मला आणि चतुराबाईला बजावून सांगितलं होतं.

पहिले काही आठवडे बरे गेले. लक्ष्मणरावांकडे घोड्याचा एक जुना डाव होता, वासंती त्यात वर्षानुवर्षं फसत आलेली. यंत्र तीनदा फसलं, चौथ्यांदा नाही. मी तेव्हा तिथेच होते. ते पटाकडे बघून हसले आणि म्हणाले, "शिकला की हा! मशीन आहे, वयाचा लिहाज नाही करत." त्या शनिवारी आकडा चौदाशे वीस होता. वासंतीने तो कॅलेंडरवर लिहून ठेवला.

ती दर शनिवारी आली की पिशवी खाली ठेवून आधी यंत्र चालू करायची आणि आकडा बघायची. दिवाळीपर्यंत तो तेराशेवर आला. थंडीत बाराशे, मग अकराशे ऐंशी. वडील बोलायचे नीट. पेपर वाचायचे, चतुराबाईला आमटीत मीठ कमी झालं तर सांगायचे. फोनवर वासंतीला सगळं ठीक वाटायचं. पण यंत्र त्यांच्यासाठी खाली खाली येत होतं आणि ते तरीही हरत होते. जानेवारीत आकडा नऊशे चाळीस झाला. वासंतीने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तारीख विचारली, पंतप्रधान विचारले, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. वयाच्या मानाने चांगलं आहे म्हणाले आणि ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या.

वासंतीचा डॉक्टरांवर विश्वास बसला नाही, यंत्रावर बसला. रविवारी ती माझ्याकडे येऊन बसली. तिने स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाइप करून आणला होता, तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागे. नोकरीची पाच-सहा वर्षं शिल्लक होती. ती सोडायला तिची तयारी होती, फक्त आणखी दोन-तीन शनिवार बघते म्हणाली. अर्ज वडिलांना दाखवला का असं मी विचारलं. दाखवला नव्हता, पण काल रात्रभर तो त्यांच्याच टेबलावर राहिला होता, असं ती म्हणाली.

त्यानंतरच्या शनिवारी आकडा हजार होता. पुढच्या शनिवारी अकराशे दहा. फेब्रुवारी संपता संपता साडेबाराशे. डॉक्टरांच्या गोळ्या लागू पडल्या असं वासंतीला वाटलं. कितीतरी महिन्यांनी ती जिन्यावर माझ्याशी थांबून बोलली. अर्ज तिने कपाटात ठेवून दिला.

त्याच महिन्यात एका बुधवारी मी डब्यात धिरडी घेऊन वर गेले. चतुराबाई स्वयंपाकघरात होती. लक्ष्मणराव यंत्रासमोर बसलेले, पाठ माझ्याकडे. यंत्राने खेळी केली. त्यांनी पटाकडे पाहिलंच नाही, बोट सरळ मदतीच्या बटणावर नेलं. दोन दिवे लागले. त्या दिव्यांप्रमाणे त्यांनी आपला मोहरा हलवला. यंत्राने उत्तर दिलं, त्यांनी पुन्हा बटण दाबलं. यंत्र स्वतःशीच खेळत होतं आणि ते नुसते मोहरे हलवत होते. अशा मदतीचे गुण यंत्र कापत नसे, सगळं त्यांच्याच नावावर जमा होत होतं.

मी दिसल्यावर ते दचकले नाहीत. मला बसायला सांगितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "वासंतीला सांगू नका. ती नोकरी सोडून येईल."

मी म्हटलं, "काका, तिला खरं कळायला नको का?"

"मला घोडा कसा चालतो ते कधी कधी आठवत नाही," ते म्हणाले. "आठवायला बसलं की मग दुसरंही जातं. हे बटण आठवतंय तोवर तिला तिकडे राहू द्या. माझ्यामुळे ती तिकडची झाली, आता माझ्यामुळे तिची पेन्शनही घटायला नको."

मी कबूल केलं. का केलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. माणूस इतकं स्पष्ट बोलतोय म्हणजे इतकं काही बिघडलेलं नसणार, असं त्या क्षणी वाटलं असावं. मार्चमध्ये वासंतीने मला विचारलं, बाबांचं कसं वाटतं. बरं आहे, मी म्हटलं.

मे महिन्यात एका मंगळवारी भर दुपारी ते घराबाहेर पडले. कुसुमताईंकडे जाऊन येतो असं त्यांनी चतुराबाईला सांगितलं होतं. मला वाटलं ते वर झोपलेत. चार वाजता मी वर गेले तेव्हा कळलं. आम्ही दोघी शोधत निघालो. काचीगुड्याच्या स्टेशनबाहेर एका ऑटोवाल्याने त्यांना सावलीत आणून निजवलं होतं. अंगावर पांढरा शर्ट, जुना ऑफिसचा कोट, पायात एकच चप्पल. फलाटाच्या पायरीवर ते पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं. कुठे निघालात म्हणून ऑटोवाल्याने विचारलं तर म्हणाले, गुंटूरला, दहाला हजर व्हायचंय.

वासंती रात्रभर प्रवास करून आली. ऑपरेशन झालं. तीन आठवड्यांनी त्यांना घरी आणलं ते पलंगावरच. बोलणं तुटक झालं होतं. मला ते सुमन म्हणू लागले.

एका संध्याकाळी वासंतीने यंत्र पलंगाजवळ आणलं, मोहरे मांडले, त्यांना उशीला टेकून बसवलं. मी तिथे होते. तिने पहिली खेळी त्यांना करायला सांगितली. त्यांनी घोडा उचलला आणि मुठीत धरून ठेवला. कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना. तिने समजावून पाहिलं, अडीच घरं मोजून दाखवली. मग त्यांनी घोडा तिच्या हातात दिला आणि त्यांचं बोट आपोआप मदतीच्या बटणाकडे गेलं. दोन दिवे लागले. त्यांनी एक प्यादं त्या दिव्यावरून या दिव्यावर ठेवलं. यंत्राने खेळी केली. पुन्हा बोट बटणावर. पाच-सहा खेळ्या झाल्या, एकही चुकली नाही. वासंती बघत राहिली. तिने पडद्यावरचा आकडा पाहिला, मग भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.

त्यांना झोपवून ती माझ्याबरोबर दारापर्यंत आली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून."

तिने मान हलवली. तिने मला काही बोलावं असं मला फार वाटत होतं. तिने माझा रिकामा डबा धुऊन ठेवला होता, तो हातात दिला आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी तिने कपाटातला अर्ज नवी तारीख घालून पाठवला. उत्तर आलं की तुमचं वाटणीविरुद्धचं अपील प्रलंबित आहे, ते निकाली निघाल्याशिवाय निवृत्तीचा विचार करता येत नाही. तिने अपील मागे घेतलं. मग विचारणा आली की अपील मागे घेतल्याचा मूळ कागद फाइलला जोडलेला नाही. तोवर रजा संपली होती, बिनपगारीही संपली होती. ऑगस्टमध्ये तिला हजर व्हावंच लागलं. मी सांगितलं की मी बघते त्यांच्याकडे. बरं, म्हणाली. दुसरा इलाज तिच्याजवळ नव्हता.

लक्ष्मणराव सप्टेंबरात गेले, गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास. मी आणि चतुराबाई जवळ होतो. शेवटचे दोन दिवस ते उर्दूत काहीतरी मोजत होते, कशाचे आकडे ते कळलं नाही. वासंती पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. ती रडली नाही. ती आल्यावर लगेच न्यावं लागलं, उशीर झाला होता.

दिवस झाल्यावर तिने निवृत्तीचा अर्ज मागे घेतला. आता कशासाठी यायचं, असं ती चतुराबाईला म्हणाली, मला नाही. फ्लॅट भाड्याने दिला, सामान गुंटूरला हलवलं, तिथून विजयवाड्याचं ऑफिस तासाभरावर. ट्रक भरताना मी खाली उभी होते. ती सगळ्यांचा निरोप घेत आली, वाकून मला नमस्कार केला आणि गाडीत बसली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. वासंती निवृत्त होऊन गुंटूरलाच राहिली असं तिच्या भाडेकरूकडून कळलं. मी तिला तीन पत्रं लिहिली. पहिल्या दोन पत्रांत मी फेब्रुवारीतल्या त्या बुधवारबद्दल सगळं लिहिलं होतं. तिसऱ्यात काहीच लिहिलं नव्हतं, फक्त ती कशी आहे एवढं विचारलं होतं. उत्तर तिसऱ्याचं आलं. इथल्या फ्लॅटच्या विजेच्या मीटरवर अजून बाबांचं नाव आहे, ते बदलायला काय कागद लागतात ते इथल्या ऑफिसात विचारून कळवावं, असं त्यात होतं. खाली सही. मी जाऊन विचारून आले आणि कळवलं.