धुरात चालणारी बॅटरी

आमच्याकडे बॅटरी विकत घ्यायची एक ठरलेली पद्धत आहे. दिवस मावळताना रामनगरच्या दुकानाच्या दारात उभं राहायचं आणि रस्त्यापलीकडे बॅटरी मारून बघायची. पलीकडच्या गोदामाची भिंत उजळली तर बरी. भिंतीमागच्या सागाचा शेंडा दिसला तर चांगली, घरी न्यायला हरकत नाही. भाताच्या राखणीला ही पद्धत बरोबरच आहे. गवा शेताच्या दुसऱ्या टोकाला असतानाच त्याचे डोळे चमकलेले दिसले पाहिजेत. मीही इतकी वर्षं अशाच बॅटऱ्या घेतल्या. पण रानातली आग विझवायला जाणाऱ्या माणसासाठी ही पद्धत चुकीची आहे. हे मला कळायला एक अपघात व्हावा लागला, आणि माझ्या दिराला ते पटवायला त्याहून जास्त खटपट करावी लागली.

गुंदच्या आसपासच्या गावांतून दर उन्हाळ्यात वनखातं आगीवर लक्ष ठेवायला माणसं घेतं. धूर दिसला की तिकडं पळायचं, हिरव्या फांद्या तोडायच्या आणि आगीच्या कडेनं झोडपत जायचं. दिवसा वारा असतो, तेव्हा आग ऐकत नाही. वारा पडतो संध्याकाळी, म्हणून खरं काम अंधार पडायच्या वेळेला सुरू होतं. दोन्ही हातांत फांदी असते, तेव्हा उजेड डोक्यावरच बांधावा लागतो. माझा दीर बरीच वर्षं या तुकडीचा पुढारी आहे. तो जे करतो तेच बाकीचे करतात.

गेल्या उन्हाळ्यात त्यानं डोक्याला लावायची सगळ्यात मोठी बॅटरी घेतली होती. ती घालून तो अंगणात आला तर समोरच्याला डोळ्यांवर हात धरावा लागे. एका उतारावर वारा फिरला, धूर अंगावर आला, आणि तो उजेडासकट कोरड्या व्हाळात पडला. व्हाळ म्हणजे आमच्याकडचा ओढा, उन्हाळ्यात नुसते दगड. घोटा मोडला. चार माणसांनी आग तशीच सोडून त्याला चादरीत घालून रस्त्यापर्यंत आणलं. पायात स्टीलची पट्टी बसवली, पावसाळाभर तो घरात बसून सगळ्यांवर खेकसत होता. दिवाळीपर्यंत चालायला लागला. सपाटीवर चालताना तर कळतही नव्हतं.

मी गावच्या वनसमितीची अध्यक्ष आहे. या वर्षी तुकडीला हेल्मेटं मिळाली आणि दिवे समितीनं घ्यावेत असं ठरलं. निवड माझ्याकडे आली. ठरलं त्या संध्याकाळीच दीर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. त्याचं म्हणणं सरळ होतं. उजेड कमी पडला म्हणून तो पडला. दुप्पट उजेडाची असती तर व्हाळ दिसला असता. आता सगळ्यांना तसलीच घ्यायची.

मी त्याला विचारलं, पडताना समोर काय दिसत होतं. तो म्हणाला, काही न्हाई, नुसतं पांढरं. मग मी विचारलं, पावसाळ्यात अणशीच्या घाटात धुकं आलं की बसचा ड्रायव्हर काय करतो. मोठा लाईट बंद करतो, खाली बंपरपाशी लावलेला पिवळा दिवा लावतो. फुल लाईट मारला तर पुढे भिंतच उभी राहते. हे तर आमच्यातल्या प्रत्येकानं ड्रायव्हरच्या मागं बसून पाहिलेलं आहे.

"ते धुकं, वैनी," दीर म्हणाला. "धूर येगळा."

"डोळ्याला दोन्ही सारखंच, भावजी."

"मग गवाबी पिवळ्या दिव्यानं हाकलायचा का आता?" असं म्हणून तो गेला. मी भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी रामनगरला गेले. दुकानदार मूळचा खानापूरकडचा, बोलायला गोड. त्यानं काचेवर एकामागून एक नवीन माल मांडला. पाच तऱ्हेनं लुकलुकणारी, हात हलवला की पेटणारी, फोनसारखी चार्ज होणारी. मी एकच बटण असलेली मागितली. आगीत माणूस बटण दाबतो तेव्हा दिवा लागला पाहिजे किंवा विझला पाहिजे. लुकलुकायला तिथं लग्न नसतं.

"अक्का, एका बटनाची आता कोन घेत न्हाई."

"म्हणजे तुमच्याकडं पडून असतील. काढा."

त्यानं मागच्या खोलीतून खोकी आणली. वेगवेगळ्या बनावटीच्या काही बॅटऱ्या मी तपासायला घरी नेल्या. अट एवढीच, की मोडली तर ती माझी. दुकानदाराला वाटलं, मी घरी नेऊन पेटवून बघेन. त्याला पुढचं सांगितलं नाही.

चार्ज होणाऱ्या मी दुकानातच बाजूला काढल्या होत्या. वारा सुटला की आमची वीज जाते, आणि आग लागते ती वाऱ्याच्याच दिवसांत. पेन्सिल सेल गावातल्या पानपट्टीतही मिळतात. उरलेल्या घरी आणून गोठ्याच्या पोटमाळ्यावरून खाली दगडी फरशीवर टाकल्या. दोन तिथंच संपल्या, एकीचं झाकण उघडून सेल म्हशीच्या पायात गेले. वाचलेल्या पाण्याच्या हंड्यात बुडवून ठेवल्या. झाकणाला जाड रबराची रिंग होती त्या कोरड्या निघाल्या, बाकीच्यांच्या काचेत पाणी डुचमळत होतं. मग चुलीशेजारी, जिथं आपण पापड ठेवत नाही इतक्या जवळ, ठेवल्या. एकीचं तोंड वाकडं झालं. शेवटी जाड हातमोजे घालून बटण दाबून बघितलं. बारीक बटणाच्या सगळ्या नापास. नवरा एवढा वेळ ओसरीवर बसून बघत होता. त्यानं विचारलं, बॅटरीला फाशीची शिक्षा झाली आहे का. मी म्हटलं, फिर्यादी तुझा भाऊ आहे, त्याला विचार.

शेवटी दोनच तऱ्हा टिकल्या. एक लहान दिवा हेल्मेटवर लावायचा, पिवळसर उजेडाचा, मागच्या बाजूला लाल ठिपका असलेला. मागून येणाऱ्याला पुढचा माणूस त्या लाल ठिपक्यामुळे कळतो. त्याचा पट्टा गुळगुळीत हेल्मेटवरून घसरत होता, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या गोल चकत्या कापून वरून ताणून बसवल्या. दुसरी होती मान वळवलेली बॅटरी. उभी कमरेच्या पट्ट्याला अडकवायची, उजेड पुढं आणि खाली पडतो. दारातून मारली तर गोदामाची भिंत जेमतेम दिसेल अशी. मला तीच हवी होती.

पण हे मला पटून उपयोग नव्हता. दिराला पटलं नाही तर बाकीचे हे दिवे घेतील, घरी खुंटीला लावतील आणि आपापल्या मोठ्या बॅटऱ्या घेऊन डोंगरात जातील. म्हणून एका दुपारी मी तुकडीला घरी बोलावलं. वनखात्याच्या गार्ड बाईही आल्या. तरुण मुलगी, कन्नड बोलणारी, मराठी समजणारी. म्हशी चरायला गेल्या होत्या. गोठ्याच्या खिडक्यांना पोती लावली, घमेल्यातल्या निखाऱ्यांवर ओला पेंढा आणि हिरवा पाला टाकला. माश्यांसाठी आपण करतो तसाच धूर, फक्त दहापट. जमिनीवर एक आडवी दोरी बांधली, एक पाटी उपडी ठेवली, एक चौरंग. प्रत्येकानं आत जाऊन पलीकडच्या भिंतीला हात लावून यायचं. एकदा मोठी बॅटरी डोक्यावर, एकदा माझी कमरेला.

गार्ड बाई पहिल्या गेल्या. मोठी बॅटरी लावून आत गेल्या आणि चौरंगावर बसूनच खोकायला लागल्या. त्यांना चौरंग दिसला नव्हता, लागला होता. कमरेची लावून गेल्या तेव्हा सगळं ओलांडून परत आल्या. बाकीच्यांचंही तेच झालं. बाहेर आल्यावर डोळे पुसत एक जण म्हणाला, वैनी, म्हशीलाबी एक घ्या, गोठा तिचा हाय.

दीर सगळ्यांत शेवटी गेला. पहिल्या खेपेला गव्हाणीवर आपटला. बाहेर येऊन नडगी चोळली, मोठी बॅटरी काढून माझ्या हातात दिली. "व्हय," तो म्हणाला. "पांढरी भिंत." त्याचं मला कौतुक वाटलं. इतरांच्या देखत चूक मान्य करायला त्यानं एक क्षणही लावला नाही.

दुसऱ्या खेपेला तो कमरेची लावून गेला. मी दारातच होते. आतून तो मोठ्यानं सांगत होता, दोरी हाय, पाटी हाय पुढं. आणि त्याच दोरीत त्याचा पाय अडकला. जी दिसली, जिचं नाव घेतलं, तिच्यात. पाय उचलला गेला नाही. त्यानं खांब धरला, पडला नाही. बाकीचे बाहेर खोकत हसत होते, कुणाचं लक्ष नव्हतं. तो बाहेर आला आणि म्हणाला, बरी हाय ही, हीच घ्या.

मी त्या दुपारी जे सिद्ध करायला निघाले होते ते झालं. आणि जे बघायचं नव्हतं तेही बघितलं. कुठलाही दिवा त्या पायाला उपयोगाचा नव्हता. उतारावर तो पुन्हा पडला तर पुन्हा चार माणसं त्याला उचलतील, आणि या वेळी आग त्यांची वाट बघेलच असं नाही.

मी गार्ड बाईंना बाजूला घेऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, वरून वारा आणि आगीची दिशा बघणारा माणूस त्यांना हवाच आहे, पण हे त्याला सांगणार कोण. मी म्हटलं, मी सांगेन. मग तुकडीसाठी दिवे घेतले ते एक माणूस सोडून. त्याच्यासाठी दुकानातली सगळ्यात लांब उजेड पडणारी हातात धरायची बॅटरी घेतली, तीही पोटमाळ्यावरून टाकून, भिजवून बघितलेली.

देवळाच्या ओट्यावर वाटप झालं. शेवटी त्याचे हात रिकामे राहिले.

"माझी?"

"तुमची न्हाई घेतली, भावजी. तुम्ही वर खडकावर उभं राहायचं." मी त्याच्यापुढं ती हातात धरायची मोठी बॅटरी केली. "दोरी दिसली होती तुम्हांला. तरी पाय अडकला."

त्यानं बॅटरी घेतली नाही. "समद्यांच्या म्होरं सांगायची काय गरज हुती?"

"एकट्याला सांगितलं असतं तर तुम्ही कुणाची तरी मागून घेऊन गेला असता."

तो उठून गेला. ते खरं होतं म्हणूनच गेला असावा. घरात त्यानं माझ्याशी बोलणं सोडलं. पाणी हवं असलं तर भिंतीला सांगायचा. जाऊ त्याच्यासमोर माझ्यावर रागावलेली असायची, आणि विहिरीवर भेटली की माझी घागर आधी भरून द्यायची. मला दोन्ही समजत होतं. मी बॅटरी त्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवली आणि तो विषय सोडून दिला. तिथं ती बरेच दिवस पडून होती.

शिगमो, म्हणजे आमच्याकडचा शिमगा, होऊन गेल्यावर अणशीच्या बाजूच्या डोंगरावर धूर दिसला. तुकडी जीपमधून गेली. मी मागून पिकअपमध्ये पेज आणि पाण्याचे कॅन घेऊन गेले. उंबऱ्यावरची बॅटरी नव्हती. रस्त्यावर पोचले तेव्हा दीर खडकावर उभा होता, काठी टेकून. माझ्याकडे बघितलं नाही.

सूर्य गेला, वारा पडला, माणसं उताराला लागली. खालून मला फक्त कमरेचे दिवे दिसत होते, एका ओळीत, हळूहळू सरकणारे. मग वारा पुन्हा उठला. धूर ओळीवर आला आणि दिवे दिसेनासे झाले. मला एवढंच दिसलं. खडकावरून त्याला जास्त दिसलं. वाळलेल्या बांबूच्या बेटातून आग त्यांच्या मागच्या अंगानं वर चढत होती. त्यानं मोठी बॅटरी डाव्या बाजूच्या मोकळ्या दरडीवर मारली आणि आडवी हलवत राहिला. ठरलेली खूण होती, इकडून खाली या. ओरडून त्याचा घसा बसला, पण हात थांबला नाही. धुराच्या कडेतून एक दिवा बाहेर आला, मग त्याच्या मागचा, मग बाकीचे. एकाचा हेल्मेटवरचा दिवा गेला होता, ट्यूबसकट. माणसं सगळी होती.

ती आग दुसऱ्या दिवशी विझली. पेज सगळ्यांनी उभ्या उभ्या प्यायली. गार्ड बाईंनी वाटी दोनदा पुढं केली. दिवे परत गोळा केले, काचा पुसल्या, सेल काढून ठेवले.

दीर बोलला त्यानंतर, जेवताना, ताटात बघत.

"त्या खडकावरनं मागचं अंग लई उशिरा दिसतंय, वैनी. बांबूकडं आनखी एक मानूस उभा करावा लागंल. तसलीच दुसरी बॅटरी आणा."

"आणते. माणूस कोण ते तुम्ही ठरवा."

"ठरवलाय," तो म्हणाला आणि आमटी मागितली.