डाव्या बाजूचा दिवा

महाशय,

आपल्या सदरात आजवर छापून आलेले अनुभव मी नियमित वाचत आलो आहे, आणि दर वेळी संतापलो आहे. ‘माझ्या मित्राच्या मावसभावाने पाहिले’ हा पुरावा नव्हे. त्याला कायद्याच्या भाषेत ऐकीव गोष्ट म्हणतात आणि कोणतेही न्यायालय ती दारातूनच परत पाठवते. माझी उभी हयात राज्य सरकारच्या विधी खात्यात मसुदे तपासण्यात गेली. भूत, आत्मा, संकेत असल्या शब्दांना माझ्या मसुद्यात कधी जागा नव्हती, आजही नाही. तरीही खाली जे लिहितो आहे ते माझ्या डोळ्यांदेखत, भर सकाळी, एका त्रयस्थ साक्षीदारासमक्ष घडले. ते दडपून ठेवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते, एवढ्याचसाठी हा पत्रप्रपंच.

आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या कर्नाटकातले. बेंगळुरात बसवनगुडीला, गांधी बाजारच्या मागच्या गल्लीत आमचे दुमजली घर आहे. खाली मी, वर माझा धाकटा भाऊ मधू आणि त्याची पत्नी शालिनी. मधू बरीच वर्षे मस्कतला होता. नव्वदीच्या सुरुवातीला तो कायमचा परतला, तेव्हा सामानाबरोबर एक लाल जपानी गाडी घेऊन आला... दोन दारांची, बुटकी, पुढून चोचीसारखी निमुळती. स्पोर्ट्‌स कूपे, असे तो मोठ्या अभिमानाने सांगायचा.

त्या गाडीविषयी माझे मत मी पहिल्याच दिवशी नोंदवले होते. तिच्यात बसणे म्हणजे रस्त्यावर मांडी घालून बसणे. दारे इतकी लांब, की आमच्या पोर्चमध्ये ती पुरती उघडत नसत. मागची सीट हा तर नागरिकाच्या मूलभूत हक्कांचा भंग होता. पुढची सीट वाकवून आत शिरावे, गुडघे हनुवटीला लावावेत आणि उतरताना कोणी तरी हात धरून ओढावे. सिग्नलला थांबलो की शेजारचा रिक्षावाला वाकून विचारणार, “सार, मैलेज एष्टु?” गाडी किती देते हे मधू कधीच खरे सांगत नसे.

तिचे दिवे मात्र विलक्षण होते. एरवी बॉनेटमध्ये झाकलेले असत; बटण दाबले, की मोटरचा गुर्रर्र आवाज होऊन दोन्ही एकदम वर उठत.

आणि स्पीडब्रेकर! आमच्या गल्लीच्या तोंडाशी कोणी तरी बेकायदा उंचवटा घातला होता. त्यावरून जाताना गाडीचे पोट खरवडून निघे आणि तो आवाज मला माझ्या खोलीत ऐकू येई. महापालिकेला त्या उंचवट्याबद्दल मी पत्रामागून पत्र धाडले. मधू हसून म्हणायचा, “अण्णा, गाडीला शिव्या देतोस आणि तिच्यासाठी भांडतोसही?” मी त्याला सुनावले, की हा नियमाचा प्रश्न आहे, गाडीचा नव्हे.

मधूची एक सवय इथे सांगणे आवश्यक आहे. लहानपणापासून मी कोणाशी वाद घालू लागलो, की तो समोरच्याच्या पाठीमागे जाऊन उभा राही आणि नुसती डावी भुवई वर उचले. उजवी जागच्या जागी. त्याचा अर्थ एवढाच : अण्णा, पुरे. वडिलांपासून वीजमंडळाच्या कारकुनापर्यंत प्रत्येकाच्या पाठीमागे मी ती भुवई पाहिली आहे. आणि मी कधीही थांबलो नाही.

मधू अचानक गेला. हृदयविकार. शालिनीला त्याने ती गाडी चालवायला शिकवली होती, हौसेने. पण तो गेल्यावर तिने किल्लीला हात लावला नाही. गाडी पोर्चमध्ये उभी राहिली. वारसाहक्काने ती शालिनीच्या नावावर करून घेण्याचे काम मी पुरे केले, आणि वर्षश्राद्ध उरकल्यावर विकण्याचा सल्लाही मीच दिला. सुटे भाग मिळत नाहीत, उभ्या उभ्या गंजेल, वगैरे. शालिनी म्हणाली, “तुम्हाला सरी, बरोबर वाटेल तसं करा, अण्णा.” हा होकार नव्हता, हे कळण्याइतके मी सुज्ञ असायला हवे होते. जयनगरचे एक व्यापारी गाडी घ्यायला तयार झाले. दसऱ्याच्या मुहूर्तावर येऊन ते ती नेणार होते. फक्त शालिनीची सही राहिली होती.

उभ्या गाडीची बॅटरी उतरत जाते, म्हणून मी ती काढून घरात ठेवली होती. हा मुद्दा वाचकांनी विसरू नये.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. इथल्या भाषेत आयुधपूजा. त्या दिवशी बेंगळुरात सायकलपासून बसपर्यंत सारी वाहने न्हाऊन, झेंडूच्या माळा घालून उभी असतात. सकाळी आम्ही पोर्चमध्ये पाट मांडला. त्यावर शालिनीची कात्री, विळी, माझा टाइपरायटर — माझे एकमेव आयुध — आणि कडेला निराळ्या पाटावर ती बॅटरी. गाडीचाच अवयव, तिला का वगळा? चाकांखाली लिंबे ठेवली होती. गाडी त्यांवरून ढकलूनच न्यायची असे ठरले होते. आमच्या एक आत्या कुरकुरल्या, की विधवेने पूजा कशी करावी. मी स्पष्ट सांगितले : वाहन तिच्या नावावर आहे, पूजा तीच करील. आत्या आत निघून गेल्या.

शेजारचे कृष्णमूर्ती, निवृत्त बँक अधिकारी, प्रसादासाठी आले होते. पाट पाहून म्हणाले, “काय सार, ब्याटरीची पण पूजा? उद्या मीटरला गंध लावाल!”

“अहो, मीटर सरकारचा आहे,” मी म्हणालो.

शालिनीने बॉनेटवर आडवी माळ बांधली, दोन्ही टोके आरशांना घट्ट. मग गंधाची वाटी घेऊन ती थबकली. “अण्णा, दिव्यांना गंध कसं लावू? ते तर आत झोपलेत.”

“झाकणांना लाव.”

तिने लावले, आणि तळहात डाव्या झाकणावर ठेवून तशीच उभी राहिली. ओठ हलत होते. मी नजर वळवली. अशा प्रसंगी काय बोलावे हे मला कधीच कळलेले नाही. म्हणून जे कळते ते मी सुरू केले. समोरच्या घरच्यांनी नुकताच कोहळा रस्त्याच्या मधोमध आपटून फोडला होता. मी कृष्णमूर्तींना समजावू लागलो, की हा सार्वजनिक उपद्रव आहे, त्या गरावरून स्कूटर घसरते, यासाठी कायद्यात तरतूद आहे, आणि मी उद्याच आयुक्तांना...

“सार,” कृष्णमूर्ती हलक्या आवाजात म्हणाले, “स्वल्प तिकडे बघा.”

शालिनीने हात मागे घेतला होता. डावे झाकण वर उठत होते. सावकाश, कसलाही आवाज न करता. मोटरची गुरगुर नाही, झटका नाही. दिवा पुरता वर आला आणि थांबला; कपाळाला गंध लावल्यासारखा. उजवा जागच्या जागी.

माझे वाक्य अर्धेच राहिले.

शालिनीच्या तोंडून आवाज फुटला. मला वाटले, रडते आहे. ती हसत होती... मधू गेल्यापासून पहिल्यांदा. “अण्णा,” ती म्हणाली, “पुरे म्हणतायत हो ते!”

मी तत्काळ तपासणी केली. बॅटरी पाटावर, हळदकुंकू लावलेली, तिच्याजवळ एकही तार नाही. गाडी कुलूपबंद, किल्ल्या माझ्या खिशात. बॉनेट बंद, त्यावरची माळ अखंड. पुढे मेकॅनिक रहीमभाईंनी सांगितले, की वीज नसेल तर हा दिवा एकाच रीतीने वर येतो : बॉनेट उघडायचे आणि आतली चकती हाताने बराच वेळ फिरवायची. बॉनेट उघडले असते तर माळ तुटली असती. “स्प्रिंग वगैरे काही?” मी विचारले. त्यांनी मान हलवली. “स्प्रिंग असती तर सांगितलं असतं साहेब.”

दुसऱ्या दिवशी जयनगरचे गृहस्थ आले. वर आलेला दिवा पाहून म्हणाले, “काही हरकत नाही, दुरुस्त करून घेऊ.”

शालिनी दारात उभी होती. “अण्णा, मी अजून सही केलेली नाही ना?”

“नाही.”

“मग आज, कायद्याने, गाडी कुणाची?”

सबंध कारकिर्दीत मला याहून सोपा प्रश्न कोणी विचारला नव्हता. “तुझी,” मी म्हणालो, आणि त्या गृहस्थांना कॉफी देऊन सन्मानाने निरोप दिला. ते जाताना पुटपुटत होते. त्यांचा तो अधिकार मला मान्य आहे.

रहीमभाईंनी बॅटरी जोडली. “दिवा खाली बसवू?” त्यांनी विचारले. शालिनी म्हणाली, “राहू द्या.” मग ती चालकाच्या जागी बसली, मी शेजारी, गुडघे दुमडून. लालबागेच्या फाटकापाशी वाहतूक हवालदाराने हात केला.

“सार, एकच लैट वर का? दुसरा कुठे गेला?”

हवालदाराचे शब्द संपण्यापूर्वी मी काच खाली केली होती. न पेटलेला दिवा दिवसा वर असण्यास मनाई करणारे कलम त्याने मला दाखवावे; न दाखवता आल्यास विनाकारण अडवल्याबद्दल मी वरिष्ठांकडे लेखी तक्रार... ज्या गाडीला मी वर्षानुवर्षे नावे ठेवली, तिची वकिली मी भर रस्त्यात करीत होतो. बोलता बोलता माझे लक्ष बॉनेटच्या टोकाकडे गेले. तिथे हवालदाराच्या पाठीमागे, डाव्या अंगाला, तो दिवा भुवई उचलून उभा होता.

मी थांबलो. हवालदारही चकित झाला असावा. “होगी सार,” जा, असे म्हणून त्याने वाट दिली.

यावर माझ्याकडे आजही स्पष्टीकरण नाही. ज्या वाचकास ते देता येईल त्याने जरूर द्यावे, मात्र पुराव्यासह. तूर्त मी एवढेच नमूद करू शकतो, की महापालिकेला जाणारी माझी पत्रे एका परिच्छेदाने आखूड झाली आहेत, आणि कोणाशी वाद घालताना मी मध्येच त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहून घेतो.