आजऱ्याची पावणी आणि बावीस वर्षांची म्हातारी

परवा रविवारी दुपारी नाटकाच्या मेकअपला बसले. मेकअपमन माझ्याकडं बघून म्हणाला, "काकू, तुम्हाला टोप कशाला? असंच चालतंय की!" सगळी ग्रीनरूम हसली... मीही हसले.

नाटक जुनंच आणि आमचा कोल्हापूरचा हौशी ग्रुपही तोच. गावाकडून आलेल्या श्रीमंत आत्याला घरातले सगळे स्वयंपाकीण समजतात, आणि स्वयंपाकिणीला आत्या. त्यातली आत्या मी. पण पहिल्यांदा ही भूमिका केली तेव्हा मी बावीस वर्षांची होते. नव्वदच्या दशकाचा शेवट...

आमच्या घरात तेव्हा माझ्या लग्नाचं बघणं चालू होतं. बाबांनी निक्षून सांगितलेलं, हे शेवटचं नाटक. नाटकातली मुलगी म्हटलं की स्थळं परत जातात, असं त्यांचं म्हणणं. खोटं तरी कुठं होतं? दोन गेलीच होती. पुढच्या रविवारी आजऱ्याचे पाहुणे यायचे होते. मुलगा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत इंजिनियर. मला लग्न नको होतं असं नाही, पण नाटक सुटणार म्हणून रडू यायचं.

प्रयोगाच्या दिवशी ग्रीनरूममध्ये मरणाचं उकडत होतं. नऊवारी, पांढरा टोप, तोंडावर पेन्सिलीच्या सुरकुत्या, अशा अवतारात मी नाट्यगृहाच्या मागच्या पायरीवर जाऊन बसले. एवढ्यात एक पन्नाशीच्या बाई आल्या आणि टेकल्या माझ्याशेजारी. "मावशी, सुरू व्हायला येळ हाय न्हवं?"

मला काय हुक्की आली कोण जाणे... म्हातारीच्या आवाजातच म्हटलं, "हाय की. कुठनं आलीस गं?"

"आजऱ्यास्नं. खरं सांगू काय मावशी, पोराला एक स्थळ आलंय. पोरगी ह्या नाटकात काम करती म्हणं. पुढच्या ऐतवारी बघायचा कार्यक्रम हाय, पर मी आधी गुपचूप बघून जाणार. घरात बहिणीकडं जातो म्हणून सांगून आलोय."

आपल्याकडं कार्यक्रमाआधी मुलगी चोरून बघून जायची रीत जुनीच. पण बघायला आलेली सासू मुलीलाच मावशी म्हणून सगळं सांगत बसलीय, असं कुणाचं झालं असेल का? आणि मी भावी सासूला अगं-तुगं करून बसलेली! आता उठता येईना, खरं सांगता येईना.

म्हातारीच्याच आवाजात विचारलं, "मग? न्हाई पसंत पडली तर?"

"तर सोप्पं हाय. धाकटं दीर तर म्हणत्यातच, असली पोरगी नको. पसंत पडली तर मात्र अवघड. घरात भांडाय लागंल." मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मला आवाज होता मावशी. लगीन झालं आणि गाणं बंद झालं. माझ्यासाठनं कोण भांडलं न्हाई."

घंटा झाली आणि त्या आत गेल्या.

त्या दिवशी काम कसं झालं, देवाला ठाऊक. त्या तिसऱ्या रांगेत होत्या आणि नजर सारखी नायिकेवर. नायिका आमची भारी नखरेल... लाटणं घेऊन नवऱ्याच्या मागं पळायचा सीन होता तिला. मनात म्हटलं, संपलं! हीच आपली होणारी सून समजून बाई आजच नकार कळवणार.

आमच्या ग्रुपची एक पद्धत आहे. नाटक संपलं की प्रत्येकानं पुढं यायचं, टोप, मिशा काय असेल ते उतरवायचं आणि आपलं नाव सांगायचं. माझी पाळी आली. टोप काढला, वेणी पाठीवर पडली, नाव सांगितलं. तिसऱ्या रांगेत त्या तोंडाला पदर लावून तशाच उभ्या राहिल्या. हसतायत का चिडल्यात, काही कळेना. खाली उतरेपर्यंत त्या निघून गेल्या होत्या.

नकार येईल म्हणून आठवडाभर जेवण गेलं नाही. पण रविवारी पाहुणे आले. पोहे झाले, शिवणटिपण विचारून झालं. पायरीवरच्या त्या बाई मान खाली घालून, जणू मला कधी बघितलंच नाही अशा. मग त्यांच्या धाकट्या दिरांनी विषय काढलाच, "ते नाटकाचं तेवढं बंद करायचं बरं का!" बाबा घाईघाईनं म्हणाले, "बंद म्हणजे बंदच!"

"का म्हणून बंद?"

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

"मी बघून आलोय तिचं काम. मला खरीच म्हातारी वाटली. जे तुम्हास्नी आजवर बोललो न्हाई, ते हिच्याजवळ बोलून बसलो. पोरगी पसंत हाय, आणि ती नाटकबी करंल. कुणाला काय भांडायचं आसंल तर माझ्यासंगं भांडा."

कुणीच भांडलं नाही. बाबा तर नुसते चष्मा पुसत बसले...

मला वाटायचं, सोंग फक्त स्टेजवर असतं. पण त्याही किती वर्षं गप्प बाईचं सोंग घेऊन नांदल्या होत्या. पायरीवर एका खोट्या म्हातारीसमोर त्यांनी ते घटकाभर उतरवलं, आणि आमच्या बैठकीत कायमचं.

लग्नानंतर घरात मला नावानं हाक कमीच. "मावशी, च्या टाक की!" असंच. माझं एकही नाटक त्यांनी चुकवलं नाही.

आता ऐंशीला टेकल्यात, नीट दिसत नाही. परवा पहिल्या रांगेत बसवलं होतं. नाटक संपल्यावर सवयीनं टोप काढायला हात डोक्याकडं गेला... टोप होताच कुठं! खाली जाऊन पाया पडले. त्यांनी माझ्या पांढऱ्या केसांवरनं हात फिरवला आणि म्हणाल्या, "मावशी, झालीस की गं खरी म्हातारी."

आई, तुम्ही भांडलात म्हणून झाले. नाहीतर ही आत्या बाविसाव्या वर्षीच संपली असती.