रेकॉर्ड रूममधला कारकून

बेलापूरच्या पुढं रुळांपलीकडं माझं रान हाय. तिकडं जायची वाट रेल्वे आता भिंत घालून बंद करतीय. वाट कुणाची, यावर इंग्रजांच्या काळात रेल्वे आणि जिल्ह्याचं लोकल बोर्ड कोर्टात भांडलं होतं. तो निकाल हुडकायला मी वर्षभर नगरच्या रेकॉर्ड रूमला खेटे घातले. तिथला कारकून दप्तराची दोरी कधी कापत न्हाई, नखानं गाठ सोडवत बसतो. "रेल्वेनं फितवलंय तुमाला," असं मी तोंडावर म्हणालो, तरी तो "बसा बाबा" एवढंच म्हणायचा.

परवा निकाल सापडला. सगळा इंग्रजीत, मला त्यातलं एक अक्षर कळत न्हाई. त्यानं खोटंच 'वाट बोर्डाची, म्हंजे सगळ्यांची' असं सांगितलं असतं, तरी मी खुशीनं घरी गेलो असतो.

"वाट रेल्वेची ठरलीय, बाबा."

"परत वाचा."

तीनदा वाचलं त्यानं, तिन्ही वेळा तेच. आता त्याच्यावर राग काढायचीबी सोय राहिली न्हाई.