जीपने गिळलेला कोट

हसणार नसाल तर सांगतो. म्हणजे हसालच, पण निदान कप खाली ठेवून हसा. मागच्या खेपेला हाच किस्सा ऐकताना आमच्या व्याह्यांनी बशीभर चहा माझ्या धोतरावर सांडला होता.

माझ्या हातून आयुष्यात गाढवपणा पुष्कळ झाला. पण तो सगळा निष्काळजीपणाने झाला. हा एकच असा, की जो निव्वळ काळजी घेतल्यामुळे झाला! ऐकलंय कधी असं?

मध्यभारताचे दिवस होते. होळकरांचं राज्य गेलेलं, शिंद्यांचं गेलेलं, आणि दोन्हीकडची नोकरमंडळी एकाच यादीत कोंबलेली. कचेरीसुद्धा सहा महिने इंदूरला, सहा महिने ग्वाल्हेरला. कागदांच्या पेट्या माणसांपेक्षा जास्त प्रवास करायच्या. मी रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसियर होतो, पण कच्चा. आज आहे, उद्या नाही, असा.

आता कच्चेपणाचं मला एरवी काही वाटलं नसतं. पण देवासच्या कानिटकरांची सुमन मला पसंत होती, मीही तिला पसंत होतो, आणि तिचे वडील अगदी सरळ बोलले होते, "नोकरी पक्की झाल्याचा कागद दाखवा, दुसऱ्या दिवशी तारीख काढतो." त्या एका कागदाची वाट बघत आम्ही दोघं दोन वर्षं बसलो होतो.

त्याच सुमारास खात्यात लढाईतून उरलेली एक जीप आली. तिच्या पुढच्या बंपरवर एक लोखंडी रीळ, आणि त्याला गुंडाळलेला पोलादी दोर. त्याला म्हणायचं विंच. इंजिनाच्या जोरावर रीळ फिरतं. दोराचं टोक समोरच्या झाडाला अडकवायचं, की चिखलात रुतलेली जीप स्वतःच स्वतःला ओढून बाहेर काढते!

हे ऐकल्यापासून मला चैन पडेना. स्वतःच स्वतःला ओढायचं? कसं काय बुवा? मला लहानपणापासून ही खोडच आहे. यंत्र दिसलं की आत काय आहे ते बघितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या घरची पेटी मी आठवीत असताना उघडली होती. तिचे दोन सूर अजून सापडलेले नाहीत.

जीपबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. ते मी इंदुरात बडा गणपतीजवळच्या आमच्या खोलीवर आणलं आणि वाचत बसलो. आईला वाटलं पोरगा परीक्षा देतोय, तिने दुधात बदाम घातले. आणि काय एकेक लिहिलेलं त्यात! ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा उलटा येतो आणि वाटेत येईल त्याचे पाय तोडतो. बाप रे! मी वही काढली आणि सगळे नियम उतरवून घेतले. दोराला उघडा हात लावू नये. दोरावरून उडी मारू नये. बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब हाकलावं. जीपचं बॉनेट उघडून उभं ठेवावं, म्हणजे दोर तुटलाच तर चालवणाऱ्याच्या तोंडावर येणार नाही. आणि दोरावर एखादं जाड, जड कापड टाकावं, म्हणजे तुटल्यावर दोर उडण्याऐवजी खाली पडतो.

काय अक्कल आहे पाहा! त्या कापडाबद्दल मजकूर पुढच्या पानावर चालू होता. पण समोरच कप्पीचं असं सुरेख चित्र होतं, की मी कापड सोडून कप्पीत घुसलो. कप्पी लावली की जोर दुप्पट कसा होतो, हे समजेपर्यंत जेवणाची वेळ झाली.

आणि मग दसऱ्यानंतर दिघेसाहेब आले.

दिघेसाहेब ग्वाल्हेरचे. आमच्यासारख्या कच्च्या लोकांत कोणाला ठेवायचं आणि कोणाला नारळ द्यायचा, हे त्यांच्या हातात. पेट्या ग्वाल्हेरला गेल्या होत्या, साहेब शेवटचा दौरा करून मागोमाग जाणार होते. माणूस शांत, मोजकं बोलणारा. अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला जाडजूड लोकरी कोट. आश्विनातल्या इंदूरच्या उन्हात लोकरी कोट! पण ग्वाल्हेरच्या माणसाला थंडीचा अभिमान असतो, त्याला कोण काय बोलणार?

सकाळी आम्ही धार रस्त्याने निघालो. साहेब, मी आणि ड्रायव्हर भागीरथ. एका गावाजवळ नव्या रस्त्याची आखणी दाखवायची होती. आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला, आणि माळव्याची काळी माती तुम्हाला माहीत आहे. नाल्यात उतरलो आणि जीप चाकांच्या आसापर्यंत रुतून बसली.

साहेबांनी उकडतंय म्हणून कोट काढून सीटवर ठेवला आणि खाली उतरले. भागीरथ धोतर खोचत म्हणाला, "बाबूजी, पटेल के यहाँ से दो जोड़ी बैल ले आता हूँ. पाँच मिनट का काम है भिया."

बैल? विंच असताना बैल? आणि साक्षात दिघेसाहेब समोर असताना? माझ्या अंगात तर वारंच शिरलं.

"साहेब," मी म्हटलं, "परवानगी असेल तर विंच लावतो. सगळे सुरक्षेचे नियम पाळून."

"तुम्हाला येतं?"

"पुस्तक वाचलंय, साहेब."

साहेबांनी भुवया उचलल्या. "दाखवा तर मग."

मी पिशवीतून धाकट्या भावाचे विकेटकीपरचे ग्लोव्हज काढले. हसताय काय? इंदुरात कातडी हातमोजे दुसरे कुठे मिळणार? ते घालून दोर ओढत नेला, समोरच्या बाभळीच्या बुंध्याला गोणपाट गुंडाळलं, म्हणजे झाडाची साल जाऊ नये, आणि वर साखळी घालून हूक अडकवला. तोवर अर्धं गाव जमा झालेलं. सगळ्यांना मी साठ पावलं लांब हाकललं. पटेल म्हणाले, "म्हारोज खेत है." मी म्हटलं, "पटेल बा, खेत आपका है, पर पैर भी आपके ही हैं." साहेब चक्क हसले!

"एवढं सगळं पुस्तकात आहे?" त्यांनी विचारलं.

"अजून आहे, साहेब. खुणा एकाच माणसाने करायच्या. चालवणाऱ्याने त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाकडे बघायचंसुद्धा नाही. हात वर करून गोल फिरवला की ओढा. दोन्ही हात छातीपुढे फुलीसारखे केले की थांबा."

"अरे वा! मग खुणा मी करतो," साहेब म्हणाले. दोनदा हात फिरवून पाहिला, दोनदा फुली करून पाहिली, आणि अगदी पोरासारखे खूश होऊन साठ पावलांवर जाऊन उभे राहिले. मनात म्हटलं, आठले, झाला तू पक्का! देवासला तार करायची का आजच?

मी बॉनेट उभं केलं. आता राहिलं जाड कापड. घोंगडी नव्हती. भागीरथचं उपरणं म्हणजे मच्छरदाणी. आणि सीटवर बघतो तर काय, दिघेसाहेबांचा कोट! जाड, जड, लोकरी. पुस्तकातलं कापड जणू देह धरून बसलेलं.

विचारायला हवं होतं. मान्य! पण साहेब साठ पावलांवर, आणि शेवटी हे कोणासाठी चाललं होतं? दोर तुटला तर साहेबांच्याच पायांचा प्रश्न होता ना? पुस्तक म्हणत होतं, कापड दोराच्या मधोमध टाका. मधोमध खाली चिखल होता. साहेबांचा कोट चिखलात पडला तर कसं दिसेल? म्हणून मी तो बंपरपासून चार हातांवर, कोरड्या गवताच्या वर, व्यवस्थित घडी मोडून दोरावर टाकला. बाह्यासुद्धा सारख्या केल्या.

मग आत बसलो. समोर उभं बॉनेट, त्यापलीकडचं काही म्हणजे काही दिसेना. पण खुणा करायला माणूस होता ना! मी बाहेर मान काढली. साहेबांनी हात गोल फिरवला. मी विंचचा लिव्हर टाकला, पहिला गिअर घातला, हळूच क्लच सोडला.

आणि अहो, जीप हलली! दोर ताणला, रीळ कुरकुरलं, आणि ती धूड बया चिखलातून वीतभर वर आली. मला इतका आनंद झाला, की मी क्षणभर सुमनलासुद्धा विसरलो. स्वतःच स्वतःला ओढत होती हो! एक हात. दीड हात. दोन हात.

तेवढ्यात लांब भागीरथ दिसला. दोन्ही हात छातीपुढे फुलीसारखे धरून नाचत होता. मी मुळीच लक्ष दिलं नाही. नियम म्हणजे नियम, खुणा एकाच माणसाच्या! मी साहेबांकडे बघितलं. साहेब एक हात जीपच्या नाकाकडे करून दुसरा हात गोल फिरवत होते. जोरजोरात! तोंडाने काहीतरी ओरडतही होते, पण इंजिनापुढे काय ऐकू येणार?

ओढा म्हणतात, मी म्हटलं. आणि किती उत्साहाने! मी गॅस वाढवला.

साहेबांनी दोन्ही हात फिरवायला सुरुवात केली.

दोन्ही हात म्हणजे काय, हे पुस्तकात नव्हतं. पण अर्थ उघड होता. दुप्पट ओढा! मी आणखी गॅस दिला. मागे गावातली पोरंटोरं, बायाबापड्या सगळेच हात हलवायला लागले, म्हणून मी त्यांनाही एक हात हलवून दाखवला. साहेब तर आता उड्या मारत होते. मनात आलं, एवढा गंभीर माणूस, पण यंत्राची आवड काय आहे!

मग काहीतरी चिरडल्यासारखा आवाज झाला, जीपने एक गचका दिला आणि इंजिन बंद पडलं.

खाली उतरलो. पुढे गेलो. दोर कुठेही तुटला नव्हता. कोट दोरावर जिथे टाकला होता तिथेच होता, बिचारा. जीपच चालत त्याच्यापर्यंत गेली होती आणि दोराबरोबर तो सगळाच्या सगळा रिळात गुंडाळून मोकळी झाली होती. एक बाही तेवढी बाहेर लोंबत होती. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोर गुंडाळला जातो तर दोरावरचं कापड कुठे जाणार? पुढच्या पानावर दुसरं काय लिहिलेलं असणार? कापड रिळाजवळ आलं की थांबा आणि उचलून मागे ठेवा! हे समजायला पुस्तक कशाला लागतं?

साहेब धापा टाकत आले. "अहो, फिरतोय, गुंडाळला जातोय, असं सांगत होतो मी!"

"साहेब, फुली..." मी म्हटलं.

"फुली सुचली नाही," साहेब अगदी बारीक आवाजात म्हणाले. "कोट माझा होता."

भागीरथने रिळातला ग्रीस बोटावर घेऊन पाहिला आणि म्हणाला, "बाबूजी, बैल कोट नी खाता."

बैल आले. चार बैलांनी जीप खरंच पाच मिनिटांत काठावर आणून ठेवली. मग रीळ उलटं फिरवत, पहारीने उचकटत आम्ही कोट बाहेर काढला. काढला म्हणजे चिंध्या वेचल्या. साहेबांनी आतल्या खिशाचा तुकडा शोधला, त्यातून काळा पडलेला एक कागद काढला आणि जीपच्या बॉनेटवर पसरला. कागदाची बहुतेक भाजी झाली होती. मधली एक ओळ तेवढी शाबूत होती.

साहेबांनी चष्मा लावला. "आठले, हा तुमच्या नोकरीचा हुकूम. आज सही करून आणला होता. संध्याकाळी तुमच्या हातात देणार होतो." आणि सगळ्या गावासमोर त्यांनी ती ओळ वाचली. "'सरकारी व इतर सामान अत्यंत काळजीपूर्वक हाताळतात, सबब कायम करण्यात येत आहे.'"

सांगू का, रडूच आलं मला. विकेटकीपरचे ग्लोव्हज घालून डोळे पुसता येत नाहीत, करून बघा.

"रडू नका," साहेब म्हणाले. "पायाला कुणाच्या लागलं नाही, तेवढं खरं. ग्वाल्हेरला पोचलो की दुसरी प्रत काढून पाठवतो." मग कागदाकडे पुन्हा बघून म्हणाले, "एवढं वाक्य मात्र वगळून."

शब्दाचा पक्का माणूस! फाल्गुनात हुकूम आला. मी तसाच देवासला गेलो आणि कानिटकरांच्या हातात ठेवला. त्यांनी तो पुढून वाचला, मागून वाचला, उजेडाकडे धरून पाहिला. दाराआड सुमन उभी होती, तिची बांगडी वाजली.

"पक्की झाली, ठीक आहे," ते म्हणाले. "पण दोन-तीन वर्षं काम केलंत तुम्ही. साहेबाने तुमच्याबद्दल एक चांगला शब्द लिहू नये?"

काय सांगणार होतो त्यांना? चांगला शब्द होता हो. चांगली ओळभर होता. तो मी स्वतः, सगळे नियम पाळून, पहिल्या गिअरमध्ये दळला होता.